जुनी सिटी व्हीटेक घेताना इंजिनाआधी पत्रा बघा

साताऱ्याच्या एका तरुणानं विचारलंय. त्याला २००२ सालची होंडा सिटी १.५ व्हीटेक मिळतेय (व्हीटेक म्हणजे जास्त रेसवर व्हॉल्व्ह जास्त उघडणारं होंडाचं इंजिन). पुण्याची गाडी, एमएच-१२ पासिंग, दुसरा मालक, मीटरवर १ लाख ३८ हजार किलोमीटर, मागणी सव्वादोन लाखांची. घ्यावी का, घेताना काय बघावं, वर्षाला किती खर्च येईल आणि पुढे सीएनजी बसवला तर चालेल का, असे त्याचे प्रश्न आहेत. वडिलांचं म्हणणं त्यानं शेवटी लिहिलंय : "भंगारात पैसे घालू नकोस."

आधी सरळ उत्तर देतो. पत्रा चांगला असेल तर घ्या. पत्रा गेलेला असेल तर इंजिन कितीही गोड वाजत असलं तरी सोडून द्या. आणि गाडीच्या किमतीशिवाय पहिल्या वर्षासाठी ऐंशी हजार ते एक लाख बाजूला ठेवता येत असतील तरच हात घाला. तेवढे नसतील तर वर्षभर थांबा, अशा गाड्या अजून मिळतात.

माझं कराडला गॅरेज आहे. त्याआधी सात वर्षं मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये फिटर होतो, तेव्हा या गाड्या नव्याकोऱ्या यायच्या. २०११ पासून माझ्या स्वतःकडे २००१ ची व्हीटेक आहे. तेव्हा जे सांगतोय ते हात काळे करून शिकलेलं आहे.

ही गाडी लोकांना का हवी असते ते थोडं सांगतो, कारण त्यावरूनच काय जपायचं ते कळतं. आशियाई बाजारांसाठी होंडानं ही सिटी बनवली, १९९६ मध्ये ती थायलंडला आली. आपल्याकडे होंडा सिएल कंपनीनं ग्रेटर नोएडात कारखाना टाकला आणि १९९८ ला तिथून पहिली गाडी हीच बाहेर आणली. खालचा सांगाडा जुन्या सिव्हिकच्या घराण्यातला. आधी १.३ आणि १.५ अशी दोन इंजिनं होती. २००० साली तोंडवळा बदलला आणि सोबत १०६ हॉर्सपॉवरचं व्हीटेक आलं. गाडीचं वजन जेमतेम टनभर. त्या काळात आपल्या रस्त्यावर या पैशात असं काही नव्हतं. २००३ च्या शेवटी नव्या पिढीची सिटी आली ती ७७ हॉर्सपॉवरची. गाडी मोठी, अ‍ॅव्हरेजला चांगली, पण जुनी चालवलेल्यांना ती पचली नाही. त्या तीन-साडेतीन वर्षांत ज्या व्हीटेक विकल्या गेल्या, त्यातल्या उरलेल्यांवर आज सगळ्यांचा डोळा आहे.

आता पत्र्याचं.

इंजिन बिघडलं तर ते उघडता येतं. रिंगा, बेअरिंग, गॅस्केट, व्हॉल्व्ह, सगळं मिळतं, आणि नाहीच झालं तर दुसऱ्या गाडीतलं इंजिन मिळतं. गंजलेला पत्रा मात्र कापून नवा जोडावा लागतो. तसं काम नीट करणारा मिस्त्री आता शोधावा लागतो, आणि त्याची मजुरी गाडीच्या किमतीच्या घरात जाते. माझ्याकडे चिपळूण, रत्नागिरीकडून कुंभार्ली घाट चढून गाड्या येतात. खाऱ्या हवेत दहा पावसाळे काढलेली गाडी वरून चकचकीत असते, रॅम्पवर घेतली की खालून स्क्रू ड्रायव्हर आरपार जातो. पुण्याची गाडी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आधीचा मालक मुंबईत राहायचा की पुण्यात, हे आरसीवरून आणि जुन्या सर्व्हिसच्या पावत्यांवरून विचारून घ्या.

बघायचं कसं? खिशात एक छोटं लोहचुंबक ठेवा, रंगाला ओरखडा नको म्हणून ते मऊ फडक्यात गुंडाळा. मागच्या चाकांच्या वरची जी कमान असते, तिच्या काठावरून ते हळूहळू फिरवा. पत्र्यावर ते ओढ घेतं, लांबी (पुट्टी) भरलेली असेल तिथे सटकतं. मग बोटानं त्या कमानीची आतली कड चाचपा. तिथे पत्रा आत वळवलेला असतो, चिखल साठतो, आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेर रंगाला वाटाण्याएवढा फुगवटा दिसत असेल तर आत रुपयाएवढं भोक आहे असं समजून चला. डिक्कीतला गालिचा उचला, स्टेपनी बाहेर काढा, त्या खोलगट जागेत पाणी साठल्याची रेघ दिसते का बघा. मागच्या लाइटची रबरं वाळली की पाणी तिथूनच झिरपतं. पुढे ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा वर करून हात घाला. ओलसर लागला, कुबट वास आला, तर फ्लोअर तपासल्याशिवाय पुढे बोलूच नका. दरवाजे उघडून खालच्या कडेला पाणी जायची भोकं असतात, ती रंगवताना बुजवलेली नाहीत ना ते पाहा. शेवटी बॉनेट उघडून शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे वरचे टॉवर बघा. त्यांच्या भोवती तडा किंवा नवीन वेल्डिंग दिसलं तर हात जोडून परत या.

ठोकलेली गाडी ओळखायला बॉनेटच्या आतला पुढचा आडवा पत्रा बघायचा. कंपनीच्या वेल्डिंगचे ठिपके एका मापाचे, एका अंतरावर असतात. हातानं केलेले तसे येत नाहीत. बॉनेटच्या बिजागऱ्यांच्या बोल्टवर पाना लागल्याच्या खुणा असतील तर का, ते विचारा. एखादा फेंडर बदललेला असणं गुन्हा नाही, वीस वर्षांत शहरात ते होतंच. पुढचा सांगाडा ओढून सरळ केलेला असला तर मात्र गाडी सरळ चालत नाही आणि टायर खात राहते.

आता इंजिनाकडे. पहिलं म्हणजे ती खरोखर व्हीटेक आहे का? डिक्कीवर नुसता व्हीटेकचा बिल्ला लावलेल्या साध्या १.५ ईएक्सआय मी डझनभर बघितल्या असतील. आरसीवरचा मॉडेल आणि इंजिन नंबर जुळवा. बॉनेटखाली हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) अंगाला, डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना करंट वाटणाऱ्या भागाच्या) जवळ, व्हीटेकचा सोलेनॉइड, म्हणजे विजेनं उघडणारा ऑइलचा व्हॉल्व्ह, असतो. बोटाएवढा गोल भाग, त्याला एक वायर. तो नसेल तर ती व्हीटेक नाही.

या इंजिनात प्रत्येक सिलिंडरच्या इनटेक बाजूला दोनाऐवजी तीन रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे हात) आहेत. कमी रेसवर मधला रॉकर रिकामा हलत राहतो. पाच हजारांच्या आसपास ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, सोलेनॉइड उघडतो, ऑइलच्या दाबानं आतल्या पिना सरकतात, तिन्ही रॉकर एकत्र बांधले जातात आणि व्हॉल्व्ह मधल्या मोठ्या कॅमच्या मापानं उघडायला लागतात. म्हणजे सगळा खेळ ऑइलवर आहे. ऑइल कमी असलं, गाळ झालेलं असलं, सोलेनॉइडची बारीक जाळी चोंदली असली, तर ही गाडी पाच हजारांच्या पुढे नुसती ओरडते, पळत नाही. उभ्या गाडीत रेस देऊन हे तपासता येत नाही, गाडी पळती हवी आणि इंजिन गरम हवं. मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरला तीन हजारांपासून साडेसहापर्यंत एकदा सलग ओढा. आवाज जाडसर होतो आणि पाठ सीटला टेकते. ते जाणवलं की सोलेनॉइड, ऑइलचा दाब आणि ईसीयू तिन्ही ठीक आहेत, एका फटक्यात कळतं.

चावी लावल्यावर चेक इंजिनचा दिवा लागून दोनेक सेकंदांत विझला पाहिजे. मुळात लागलाच नाही तर आतला बल्ब काढलेला असू शकतो. हा प्रकार मी स्वतः पकडलाय. त्या काळच्या होंडांमध्ये डॅशबोर्डखाली दोन पिनांचा एक कनेक्टर असतो, तो वायरच्या तुकड्यानं जोडला की हाच दिवा लुकलुकून बिघाड सांगतो. लांब लुकलुक म्हणजे दहा, छोटी म्हणजे एक. दोन लांब आणि एक छोटी, म्हणजे एकवीस, म्हणजे व्हीटेकचा सोलेनॉइड. स्कॅनरची गरज नाही.

धुराचं असं बघा. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताना निळसर धुराचा एक झोत आला आणि थांबला, तर व्हॉल्व्हची सीलं कडक झालीत. हे काम फार मोठं नाही. पण चालत्या गाडीत पाय दाबून ठेवला की मागे सतत निळा धूर राहात असेल तर रिंगा गेल्या, म्हणजे इंजिन उघडणं आलं. खात्रीसाठी एखाद्या मेकॅनिककडून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. आकडा थोडा इकडेतिकडे चालेल, चौघांमध्ये मोठा फरक नको. एखाद्यात कमी आलं तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. वाढलं तर रिंगा, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

या इंजिनाला सर्वांत जास्त मारलंय ते तापण्यानं. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, हेडही अ‍ॅल्युमिनियमचं. एकदा उकळी फुटेपर्यंत चालवली की हेड वाकतं, गॅस्केट जातं, आणि गॅस्केट बदलूनही हेड फेसिंग केलं (घासून सपाट केलं) नसेल तर सहा महिन्यांत परत तेच. कारण मात्र बहुतेक वेळा शे-दोनशे रुपयांचं असतं. वाळलेला होज, चिकटलेला थर्मोस्टॅट, रेडिएटरचं झाकण. रेडिएटरच्या वरच्या प्लास्टिकच्या टाकीचा रंग तपकिरी झाला असेल तर ती कधीही तडकेल, तिची वाट बघू नका. गाडी घेतल्यावर पहिल्या आठवड्यात रेडिएटर, वरचा-खालचा होज, हीटरचे होज, थर्मोस्टॅट आणि झाकण एकदमच बदला. त्यात साधं पाणी भरू नका, तयार कूलंट भरा आणि आतली हवा पूर्ण निघेपर्यंत बॉनेटजवळून हलू नका. कित्येक गाड्या दुरुस्तीनंतर दुसऱ्याच दिवशी तापतात, त्या आत राहिलेल्या हवेनं.

टायमिंग बेल्टबद्दल जरा थांबून सांगतो. इथे चूक झाली तर इंजिन जातं.

या इंजिनात क्रँक आणि कॅम जोडायला चेन नाही, रबरी बेल्ट आहे, आणि तो तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आपटतो. मालक म्हणेल, "बेल्ट बदललाय." पावती दाखवली, तारीख आणि किलोमीटर दिसले, तरच धरा. नाहीतर बदललेला नाही असंच समजा. रबर किलोमीटरनं झिजतं तसं वयानंही सुकतं. वॉटर पंप याच बेल्टवर फिरतो, म्हणून बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, कॅम आणि क्रँकची सीलं सगळं एकाच वेळी करायचं. माझ्याकडे सामान-मजुरी धरून दहा-बारा हजारांत होतं.

आणि हे काम कुणालाही देऊ नका. होंडाची ही जुनी इंजिनं उलटी, म्हणजे घड्याळाच्या विरुद्ध दिशेनं फिरतात. चार वर्षांपूर्वी टोइंगच्या गाडीवरून एक व्हीटेक माझ्याकडे आली. दुसरीकडे नुकताच बेल्ट टाकला होता. बसवणारा पोरगा हातानं चांगला, पण सवय दुसऱ्या गाड्यांची. त्यानं टायमिंग जुळवून क्रँक सवयीप्रमाणे सुलटा फिरवला, टेन्शनरकडे ढील गेली, बेल्ट दोन दाते सरकला. मालकानं घाटात रेस दिली आणि हेडमधले सहा व्हॉल्व्ह वाकले. क्रँक पुलीचा बोल्टही या गाडीत असा आवळलेला असतो की साध्या पान्यानं सुटत नाही. पुली धरायचं हत्यार आणि लांब पाईप लागतो. छिन्नी-हातोडा घेऊन त्या पुलीला भिडणारा मिस्त्री दिसला तर गाडी तिथून काढा. बेल्ट टाकल्यावर हातानं क्रँक उलट्या दिशेनं पूर्ण सहा फेरे फिरवून खुणा परत जुळवल्या का, एवढं विचारलंत तरी समोरच्याला काम येतं की नाही ते कळेल.

याच वेळी टॅपेट सेटिंग, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट जुळवणं, करून घ्या. इंजिन पूर्ण गार हवं, सकाळी पहिलं काम म्हणून. इनटेक ०.१८ ते ०.२२ आणि एक्झॉस्ट ०.२३ ते ०.२७ मिलिमीटर. थोडं टकटक वाजलेलं चालेल, आवाज बंद करण्यासाठी घट्ट केलेलं चालणार नाही, त्यानं एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतात.

आता माझीच एक गोष्ट. एप्रिलचा शेवट होता, कोल्हापूरहून येताना पेठ नाक्यावर चहाला थांबलो. काचा बंद, गाडी उन्हात. वीस मिनिटांनी आलो, स्टार्टर फिरतोय पण गाडी लागत नाही. बॅटरी ठणठणीत. चावी बंद करून परत लावली आणि कान दिला. चावी लावल्यावर मागच्या सीटखालून पेट्रोल पंपाचा दोन सेकंद जो 'ऊंऽ' असा आवाज यायला हवा, तो आला नाही. मग चारही काचा खाली करून अर्धा तास सावलीत बसलो. पुन्हा चावी लावली, 'ऊंऽ' झालं, गाडी पहिल्या झटक्याला लागली. घरी येऊन डॅशबोर्डखालचा मेन रिले, म्हणजे पेट्रोल पंपाला करंट देणारा स्विच, काढला. खाडखूड न करता त्याचं झाकण उचकटून भिंगातून पाहिलं, तर एका जाड पिनेभोवतीच्या सोल्डरच्या डागाला केसाएवढी गोल तड गेली होती. पिन जागेवर, डाग जागेवर, मध्ये अंगठीसारखी काळी रेघ. केबिन तापली की ती फट उघडायची, गार झाली की मिटायची. सोल्डरिंगनं सगळ्याच पिनांना नवा डाग दिला, वीस मिनिटांचं काम. त्याला नऊ वर्षं झाली. एवढ्या वयाच्या गाडीत डाग सुटणारच. तुम्हाला एवढंच सांगायचंय, की उन्हात बंद पडणारी व्हीटेक स्वस्तात मिळत असेल तर घाबरू नका, आणि कुणी पंप, इंजेक्टर, ईसीयू बदलायला सांगत असेल तर आधी हा रिले उघडून बघा.

डिस्ट्रिब्युटरचंही तसंच. कॉइल आणि इग्नायटर त्याच्या पोटात आहेत, बेअरिंगही. आत लालसर भुकटी दिसली तर बेअरिंग सुटत चाललंय. गरम झाल्यावर मिसिंग करणारी, मग अचानक बंद पडणारी गाडी बहुधा तिथेच अडलेली असते. एक चालू असलेला जुना डिस्ट्रिब्युटर मिळाला तर घेऊन घरात ठेवा.

गिअरबॉक्सबद्दल एकच, पण ठासून सांगतो. यात ९० नंबरचं गिअर ऑइल टाकू देऊ नका. होंडाचं स्वतःचं पातळ गिअर ऑइल लागतं. अगदीच नाही मिळालं तर तात्पुरतं १०डब्ल्यू-३० इंजिन ऑइल चालतं. जाड ऑइलनं सकाळी गिअर अडतात, सिंक्रो (गिअर जुळवणाऱ्या कड्या) घासतात, आणि तिसऱ्याला खर्रर्र आवाज सुरू होतो. टेस्ट घेताना साडेपाच हजारांवर दुसऱ्यावरून तिसरा टाकून बघा. पॉवर स्टेअरिंगलाही त्याचंच फ्लुइड. भलतं घातलं की सीलं फुगतात.

खालच्या बाजूला बुश, बॉल जॉइंट, लिंक आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर बहुतेक बदलायलाच लागतील, त्यात नवल नाही. ही गाडी जमिनीला बसलेली आहे, मागे तीन माणसं बसली की स्पीड ब्रेकरला पोट घासतं. म्हणून ऑइल संप खालून बघा. तो आत चेपला असेल तर ऑइल ओढणाऱ्या जाळीपाशी जागा उरत नाही, आणि ऑइलवरच हे इंजिन चालतं. टायरची नक्षी बघू नका, बाजूवरचा चार आकड्यांचा शिक्का बघा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल. सहा-सात वर्षांचे टायर या गाडीला नकोत.

पेट्रोलचं बरेच जण विचारतात. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. आपल्याच भागातल्या उसाचं ते, त्याचा शेतकऱ्याला फायदा आहे, पण ही गाडी त्यासाठी बनलेली नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश, म्हणून अ‍ॅव्हरेज थोडं घटतं. ऑक्सिजन सेन्सर चांगला असेल तर इंजिन मिश्रण बऱ्यापैकी सांभाळून घेतं. खरा त्रास रबराला. टाकीपासून इंजेक्टरपर्यंतचे रबरी होज इथेनॉल सोसणारे टाका, इंजेक्टरच्या ओ-रिंगा बदला, पेट्रोल फिल्टर पहिल्या वर्षी दोनदा बदला, कारण टाकीतला जुना मळ सुटून येतो. इथेनॉल हवेतलं पाणी धरतं, तेव्हा अर्धी टाकी भरून गाडी तीन महिने झाकून ठेवू नका. आठवड्यातून एकदा तरी वीस किलोमीटर चालवा. माझ्याकडे जास्त बिघडलेल्या येतात त्या झाकून जपलेल्या गाड्या.

सीएनजीला माझं स्पष्ट नाही. या इंजिनात सीएनजीनं एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जिथे टेकतात त्या कड्या, म्हणजे सीटा, झिजून खाली बसत जातात, टॅपेट घट्ट होत जातं, वर डिक्की जाते आणि मागचं वजन वाढून गाडीचा तोल बिघडतो. रोज साठ किलोमीटर जायचं असेल तर त्यासाठी दुसरी साधी गाडी घ्या. उघडा एअर फिल्टरही लावू नका, तो बॉनेटखालची गरम हवा ओढतो, आवाज वाढतो आणि ताकद कमी होते. मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरचं पोलिसांशी तुमचं तुम्ही बघाल, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगीशिवाय गाडीत असा बदल करता येत नाही, आणि विमा कंपनी नेमकं तिथेच बोट ठेवते.

कागदांकडे नीट बघा. २००२ ची गाडी म्हणजे नोंदणीची पहिली पंधरा वर्षं २०१७ ला संपली, मग पाच-पाच वर्षांची दोन नूतनीकरणं. झालेली असतील तर मुदत २०२७ पर्यंत आहे. आरसीवरची तारीख स्वतः वाचा, तोंडी ऐकू नका. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी दहा हजार झालीय, पर्यावरण कर वेगळा, शिवाय आरटीओत फिटनेसला गाडी उभी करावी लागते. मुदत सहा महिन्यांत संपत असेल तर हा सगळा खर्च किमतीतून वजा करून मागा, किंवा मालकाला नूतनीकरण करून द्यायला सांगा. बँकेचा बोजा उतरलाय का, चलानं थकलीत का, नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसलीय का, हे वाहन पोर्टलवर दिसतं. दिल्लीकडून एनओसीवर आलेल्या स्वस्त गाड्या बाजारात आहेत. त्यांचे कागद दुप्पट वेळ देऊन तपासा.

सामान मिळतं का? बेल्ट, फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच, गॅस्केट पुण्यात नाना पेठेत मिळून जातं. या गाडीचं डी सिरीजचं इंजिन त्या काळच्या सिव्हिकमध्येही होतं, म्हणून आतल्या भागांची फारशी चणचण नाही. मिळत नाहीत ते हेडलाइट, बंपर, दरवाज्याची रबरं, डॅशबोर्डची बटणं. त्यासाठी मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुन्या सामानात फिरावं लागतं, नाहीतर थायलंडहून मागवावं लागतं. गाडी बघताना म्हणूनच प्रत्येक काच, प्रत्येक हँडल, प्रत्येक लाइट हात लावून बघा. फुटका हेडलाइट "नंतर बदलू" म्हणून सोडू नका.

खर्चाचा हिशेब असा येतो. पहिल्या वर्षी बेल्टचं काम, कूलिंगचं सगळं, पेट्रोलचे होज, खालचे बुश आणि शॉक, चार टायर, सगळी ऑइलं. त्यात ते लाखभर जातात. पुढे वर्षाला दहा हजार किलोमीटर धरले तर देखभालीला पंचवीस-तीस हजार पुरतात. इंजिन ऑइल दर पाच हजार किलोमीटरला किंवा सहा महिन्यांनी, आणि दर दुसऱ्या रविवारी डिपस्टिक. माझी गाडी गावात नऊ-दहा आणि हायवेला तेरा देते.

वडिलांना सांगा, ही गाडी विकून पैसे कमावायला घेत नाही आहोत, पण महिन्याच्या हप्त्याशिवाय घेतोय आणि खर्चाचा कागद आधीच लिहून ठेवलाय. त्यांना सोबत घेऊन पसरणी घाटातून पाचगणीपर्यंत एकदा जा. वाईहून सकाळी लवकर निघा, इंजिन गरम होईपर्यंत तीन हजारांच्या आत ठेवा आणि मग वळणावळणाला दुसरा-तिसरा करत वर घ्या. तिसऱ्या वळणानंतर ते काय म्हणतात बघा.

बघायला शनिवारी जाणार असलात तर मालकाला आदल्या रात्रीच फोन करून सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यागेल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर चहा घ्या, दोन तास थांबा आणि मग गार इंजिनावर स्वतः चावी लावा.